बुचाची खोली

मला अक्षरं शाळेत भेटायच्या आधी भिंतीवर भेटली. आमच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीचा लेप. त्या लेपाचे पोपडे सुटून अंथरुणात पडायचे, म्हणून बाबांनी भिंतींवर पत्रकं चिकटवली होती. मिठागरातल्या मजुरीची, कुळकायद्याची, वेठबिगारीविरुद्धची. पालघरला किंवा बोईसरला सभा असली की बाबा हातात मिळतील तितकी घेऊन यायचे. ते स्वतः अक्षरं लावून लावून वाचत, पण कागद बरा जाड असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी 'अ' शिकले तो 'अन्याय'मधला.

त्यामुळे माझं बोलणं लहानपणापासून जरा ठळक टाइपातलं आहे, असं दादा म्हणायचा.

आमचं गाव घिवलीच्या वाटेवर, खाडीला लागून. घर म्हणजे पुढे ओटी, मध्ये एक खोली, मागे चूल आणि बाजूला जाळी ठेवायची पडवी. माणसं सात. बाबा, आई, दादा, वहिनी, मी आणि माझ्या दोन धाकट्या बहिणी. दादाचं लग्न झालं तेव्हा कुणी विचारलंच नाही की ही दोघं कुठं राहणार. मधल्या खोलीत आम्ही बायका निजायचो, ओटीवर पुरुष. लग्नानंतर वर्षभर दादा आणि वहिनी एकमेकांशी धड बोलले असतील तर ते वलांडीपाशी, म्हणजे बोंबील सुकवायला किनाऱ्यावर बांबू बांधून केलेल्या मांडवापाशी. ती एका बाजूने बोंबील टांगायची, तो दुसऱ्या बाजूने. बोलणं माशांच्या आडून. आणि गावाला ते दिसायचंच. वलांडीवर बोंबील नसतानाही दादा तिकडे जाऊ लागला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी त्याला विचारलं, "काय रे, आज वारा सुकवतोस का?"

जवळच वीज केंद्राचं बांधकाम चालू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दिवसभर आमच्या दारावरून सिमेंटचे ट्रक जायचे. सिमेंट त्यांचं, धूळ आमची.

पौषात वहिनी पहिल्या बाळंतपणाला मुरब्याला माहेरी गेली. शिमग्यानंतर चार दिवसांनी तिला मुलगी झाली. दादा बघायला गेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला. त्याच्या सासूने त्याला जेवू घातलं, पोर मांडीवर दिली आणि सांगितलं, "माझी पोर तुमच्याकडं दोन माणसांच्या मधी कूस बदलायची तर सगळ्यांना उठवायची. आता ही बारकी. पाळणा कुठं टांगणार, जाळ्यांवर? जागा करा, दार करा, मग न्या. तवर ती हितंच हाय."

आमच्याकडे असं कुणी कुणाला सांगत नाही. बाबा म्हणाले, "विहीणबाय लई बोलतात."

"बरोबर बोलतात," मी म्हणाले. "बाईला आतून कडी लावता येईल असं एक दार असणं ही चैन नाही. हक्क आहे."

"झालं वाचून पत्रक?" बाबा म्हणाले.

पण दादा हसला नाही. तो म्हणाला, बोईसरला बांधकामावर माणसं घेतात, तिथं भाड्याने खोली मिळते, मी तिला तिकडेच घेऊन जातो. दादा गेला तर बाबांच्या होडीवरचा सगळ्यात धडधाकट हात गेला. आणि वहिनी गेली तर आईशी सबंध दिवस बोलणारं एकमेव माणूस गेलं. आम्ही मुली बोलायचो, पण आम्ही आपलंच बोलायचो. आईला ऐकून घेणारी वहिनीच होती. त्या वेळी हे मला कळत नव्हतं. मला फक्त तत्त्व दिसत होतं.

पडवीच्या जागी खोली काढायची असं ठरलं. त्यासाठी सिमेंट हवं, आणि सिमेंट परवान्यावर. मी मॅट्रिकला बसलेली, घरातली सगळ्यात शिकलेली. अर्ज मी लिहिला. चार पानं. वर मथळा दिला, 'सिमेंट कोणासाठी?' दारावरून जाणाऱ्या ट्रकांपासून सुरुवात केली, किनाऱ्यावरच्या माणसाने पिढ्यान्पिढ्या मातीत का निजावं असा सवाल केला आणि शेवटी जागं होण्याचं आवाहन केलं. कुणी जागं व्हावं ते लिहिलं नव्हतं.

तालुक्याच्या कचेरीतला कारकून म्हातारा होता. त्याने चारही पानं वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"बाई, लिहिलंय चांगलं," तो म्हणाला. "मला सभेला बसल्यासारखं वाटलं. पण खोली किती बाय किती, ते कुठंय?"

ते नव्हतं. चार पानांत खोलीची लांबी नव्हती, रुंदी नव्हती, किती गोणी लागतील ते नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. मी ताठ उभी राहिले.

त्याने ती पानं परत करून मला कोरा कागद दिला, समोरच्या बाकावर बसवलं आणि यादी उघडून दाखवली. नावं पानभर, मग आणखी पानभर. "दिवाळीच्या आत तुमचा नंबर लागायचा नाही. खोटं कशाला सांगू? माप लिहून आणा, नाव घालतो. पण खोली पावसाआधी हवी असेल तर दुसरं बघा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही दर्यावरची माणसं. तुमच्या घरी लाकूड नाही होय?"

त्या माणसाला मी मनातल्या मनात चार-पाच दिवस बरंच ऐकवलं. आज मला वाटतं, माझ्या अर्जावर इतकं उपयोगाचं उत्तर कुणीच दिलं नसतं.

घरी येऊन मी दोरी घेतली आणि पडवी मोजली. आमच्याकडे सगळं वावेने मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव. दोन वावा लांब, दीड वाव रुंद. एवढीशीच जागा, आणि तिच्यासाठी मी चार पानं लिहिली होती. आईने दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. मी म्हटलं, "कारकून विचारत होता, लाकूड नाही का म्हणून." आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी खाडीकडे बघितलं.

खाडीच्या वाळूत आजोबांची होडी पडून होती. दोन वर्षांपासून ती पाण्यात जात नव्हती, पण बाबा दर शिमग्याला तिला रंग द्यायचे. ती मोडायला काढ असं त्यांना कुणी म्हणू शकत नव्हतं. कुणी म्हटलंही नाही. आठ दिवसांनी सकाळी बाबा नारळ घेऊन एकटेच गेले, होडीपुढे फोडला, आणि परत येऊन दादाला म्हणाले, "मिस्तरीला बोलाव."

मिस्तरीकाका म्हणजे होड्या बांधणारे सुतार. ही होडी त्यांनीच तरुणपणी बांधलेली. "मी बांधली, मीच मोडनार. दुसऱ्यानं खिळा बी काढायचा नाय," असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. गावात घरं बांधणारा सुतारही होता. पण आजोबांच्या होडीला त्याचा हात लागणं कुणालाच पटलं नसतं, काकांना तर मुळीच नाही. काकांनी उभ्या आयुष्यात घर बांधलं नव्हतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी कुणाच्या मनात काही आलं नाही.

काका होडी बांधावी तशी खोली बांधू लागले. काटकोनाशी त्यांचं जमायचं नाही. बाहेरची भिंत खाली जरा फुगीर झाली, होडीच्या पोटासारखी. खाली दगडांवर वासे टाकून त्यांनी फळ्यांची जमीन केली. दोन फळ्यांमधल्या प्रत्येक फटीत कापसाची वात ठोकून भरली आणि वरून राळ आणि तेल घोटलं. भिंतीच्या खालच्या फळ्यांनाही तेच. दाराला वीतभर उंच उंबरठा बसवला. मधल्या खोलीतून आत जाताना पाय उचलून, होडीत चढावं तसं जायचं. खिडकी मी मागून घेतली. काका म्हणाले, "होडीला कवा खिडकी असती का?" मी म्हणाले, "होडीत बाळ झोपत नाही." त्यावर त्यांनी खिडकी केली, पण उंचावर, पाणी पोचणार नाही तिथं.

वैशाख संपता संपता खोली उभी राहिली. आजोबांच्या होडीचा निळा रंग फळ्यांवर तसाच होता. डोलकाठीचा तुकडा आडवा घालून पाळण्याला आढं केलं. काकांनी जमिनीवर घागरभर पाणी ओतून आम्हाला दाखवलं. थेंब खाली गेला नाही. "दर्यात लोटा, तरंगंल," ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ते पाणी मग आईने फडक्याने टिपून काढलं, आणि तेव्हाही कुणाला काही सुचलं नाही.

वहिनीला आणायचा दिवस ठरला ज्येष्ठातल्या पौर्णिमेचा. वडाच्या पूजेला लेक नवऱ्याच्या घरी असावी, असं मुरब्याहून कळवलं होतं. आई म्हणाली, "पुनवेचं उधाण असंल." त्या दिवसांत मोठ्या भरतीला खाडीचं पाणी कधी कधी गल्लीत शिरायचं, घरातून पोटरीएवढं फिरायचं आणि तासाभरात निघून जायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. सामान वर उचलायचं, एवढंच. बाबा तांडेल, होडीवरचे मुख्य, चाळीस वर्षं भरती-ओहोटीवर जगलेले. ते म्हणाले, "येऊ दे की. नवी खोली हाय ना! सगळं तिच्यात ठेवा. तिला पानी काय करनार?"

म्हणून त्या सकाळी आम्ही अंथरुणं, पांघरुणं, बाळासाठी शिवलेल्या गोधड्या, सगळं नव्या खोलीत नेऊन जमिनीवर रचलं. मी माझी पत्रकांची चळत नेली. भिंतीवर लावायची उरलेली, मी जमवलेली, स्वतः उतरवून काढलेली, सुतळीने बांधलेली अशी चार बोटं जाडीची चळत होती. उंबरठा वीतभर. पाणी पोटरीएवढं. एवढा हिशोब मॅट्रिकच्या मुलीला यायला हवा होता.

दुपारी पाणी आलं. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती, ऊन कडक होतं, आणि गल्लीतून खाडी शांतपणे चालत यावी तशी आली. पुढच्या दाराने आत शिरली, ओटी ओलांडली, मधली खोली भरली आणि उंबरठ्यावरून सावकाश नव्या खोलीत उतरली. मग तासाभराने जशी आली तशी सगळ्यांच्या घरातून निघून गेली. आमच्याही. फक्त नव्या खोलीतून गेली नाही. तिथं वीतभर पाणी, वर निळ्या भिंती, मध्ये कोरडा पाळणा, आणि पाण्यात आमच्या गोधड्या.

त्याच वेळी बैलगाडी दारात थांबली.

वहिनी बाळाला घेऊन उतरली, मागून तिची आई. आत दादा आणि बाबा डब्यांनी पाणी उपसत होते, आणि मिस्तरीकाका उंबरठ्याशी उभे राहून कुणीही न विचारता सांगत होते, "माझ्या फळ्यांतनं एक थेंब आला असंल तर हात कापून देतो! दारातनं आलंय ते. दारातनं!"

वहिनीच्या आईने डोकावून बघितलं. "मिस्तरी, पानी दारातनंच येतं. चोर बी दारातनंच येतो." मग बाबांकडे वळून, "काय हो व्याही, खोली मागितली होती. इहीर कुनी मागितली होती?"

बाबांच्या हातातला डबा तसाच राहिला. मी बाबांना इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

गाडीवाला बाहेरून ओरडला, "मावशे, सोडू का बैल? का माघारी जायचं?"

"थांब," वहिनीची आई म्हणाली. "सोडू नको."

दादाने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. गाडी परत गेली असती तर तोही वहिनीला घेऊन बोईसरला गेला असता, हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

वहिनीने बाळ माझ्या आईच्या हातात दिलं. लुगडं वर खोचलं आणि उंबरठा ओलांडून पाण्यात उतरली. चारी भिंती बघितल्या, वर पाळण्याचं आढं बघितलं, खिडकी बघितली. दाराची कडी एकदा लावून, एकदा काढून बघितली. आणि हसायला लागली. तोंडावर पदर धरून, पाण्यात उभी राहून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"काका," ती म्हणाली, "होडी किनाऱ्याला ओढली की आतलं पानी कुठनं काढता?"

"बुचातनं. खाली भोक असतं, बूच काढलं की जातं."

"मग हिचं बूच कुठं हाय?"

काका म्हणाले, "ठेवलं नाय."

"का?"

"मी पान्यात हाय असं धरून बांदली," ते हळूच म्हणाले.

"ही किनाऱ्यालाच हाय ना, काका. जन्मभर किनाऱ्यालाच ऱ्हानार."

काकांनी पेटीतून गिरमिट काढलं, बाहेरच्या बाजूला जाऊन बसले, भिंतीच्या तळाशी टोक लावलं, आणि त्यांचा हात हलेना. इतकी वर्षं ज्या हाताने भोकं बुजवली, तो हात बांधून झालेल्या फळीला भोक पाडेना. वहिनी त्यांच्याशेजारी चिखलात बसली. "तुमी जागा दावा. मी फिरवते." ते ऐकून मात्र काकांना लाज वाटली असावी. "तू बाळंतीन, ऊठ," म्हणाले आणि गिरमिट फिरवू लागले.

बोटाएवढी धार बाहेर उडाली. गल्लीत जमलेली माणसं ओरडली, जणू होडी पाण्यात सोडली. मग सगळेच बघत राहिले, कारण एवढ्याशा भोकातून तेवढं पाणी जायला वेळ लागतो. गाडीवाल्याने पुन्हा विचारलं, "मावशे?" वहिनीची आई उंबरठ्यावर बसून फळ्यांकडे बघत होती. पाणी चार बोटं झालं, दोन बोटं झालं. मग एक फळी दिसली, मग सगळ्या.

"आये, तू जा आता," वहिनी तिच्या आईला म्हणाली. "मला माझी खोली पुसायची हाय."

माझी खोली. ती असं म्हणाली. आमच्या घरात आजवर कुठल्याच बाईने कुठल्याच जागेला 'माझी' म्हटलं नव्हतं. चूल आईची होती, पण तीही चुलीला 'घरची चूल' म्हणायची.

तिची आई उठली, पाळणा हाताने एकदा ओढून बघितला, आणि दारातून गाडीवाल्याला म्हणाली, "सोड बैल. मी उद्या येते. आज हितं चार हात कमीच हायत."

माझ्या पत्रकांचा लगदा व्हायला आला होता. मी चळत छातीशी धरून बसले होते आणि मला रडायला येत होतं, हे आता लिहायला हरकत नाही. वहिनीने ती माझ्या हातातून घेतली, एकेक पान सोडवलं आणि वलांडीवर नेऊन टांगलं, अगदी बोंबील टांगतात तसं, दोन-दोन एकत्र, बांबूवर दोन्हीकडे टाकून. संध्याकाळपर्यंत सबंध किनाऱ्याने वाचलं. येणारा-जाणारा विचारायचा, "काय सुकत घातलंय? क्रांती?" वहिनी सांगायची, "हो. पावसाळ्यासाठी साठवण." पण काही माणसं हसून झाल्यावर थांबायची, मान वाकडी करून ओळ लावायची. मिठागरात राबणारा एकजण मजुरीच्या पत्रकापाशी बराच वेळ उभा राहिला आणि मग त्याने मला त्यातला एक शब्द विचारला. माझी पत्रकं तोवर घरातच होती, घरातल्यांपुरती. त्यांना वारा पहिल्यांदा त्या दिवशी लागला. अजून त्यांना बोंबलांचा वास येतो.

नव्या खोलीत काय लावायचं, असं मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "लाव की, बाय. पन वरडनारं नको. बारकी दचकंल." मी तो चार पानांचा अर्ज लावला, आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत माप लिहिलं. दोन वावा बाय दीड वाव.

मिस्तरीकाकांनी आठ दिवसांनी सागाचं बूच घडवून आणलं, इतकं सुबक की देव्हाऱ्यात ठेवावं. पुढे गल्लीत आणखी तीन पडव्यांच्या खोल्या झाल्या. काका सगळ्यांना आधीच सांगायचे, "बूच ठेवतो. आमचं पयल्यापासनं तसंच असतं." आमच्यापैकी कुणी कधी काही बोललं नाही. आमच्या घरातले सगळे एका छपराखाली राहिले ते त्यांच्या हातामुळे, आणि त्यांनी तो हात स्वतःच्या सवयीविरुद्ध फिरवला म्हणून. मी नंतर खूप लिहिलं, लिहीन. पण लिहिताना आता आधी विचारते, किती बाय किती. हे मला कारकुनाने शिकवलं. आणि पाणी कुठून जाणार, हे वहिनीने.

वहिनी आल्यानंतर चार-पाच दिवसांनीची गोष्ट. दुपारची वेळ होती. बाळ रडत होतं आणि वहिनीला वलांडीवर जायचं होतं. ती आईला म्हणाली, "आये, तुमी हलवा जरा पाळना. आनि कडी लावून घ्या, न्हायतर ह्या पोरी आत-बाहेर करतात."

आई आत गेली. उंबरठा ओलांडताना पाय जरा जास्तच उचलला तिने. आतून कडी लागल्याचा आवाज आला. थोडा वेळ पाळण्याची दोरी कुरकुरली, मग ती थांबली. मग काहीच आवाज नाही.

बाबा जेवायला आले तेव्हा पान वाढलेलं नव्हतं. त्यांनी दाराकडे बोट करून मला खुणेने विचारलं. मी सांगितलं, "आई झोपल्ये."

"दुपारची?" बाबा म्हणाले. मी होय म्हणाले. आईला दुपारी झोपलेली आम्ही दोघांनीही कधी बघितली नव्हती, आणि तेव्हाही बघितली नाही, कारण दार आतून बंद होतं. बाबा दारापर्यंत गेले, हात वर केला, आणि कडी न वाजवताच खाली घेतला. मग स्वतःच चुलीपाशी जाऊन भाताचं झाकण उघडलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "ताट घे. आपटू नको."